ज्वारीच्या दाण्याएवढं

मागच्या हिवाळ्यात जुळे सोलापूरच्या आमच्या गच्चीवरून पहाटे एक पांढरा ठिपका दिसला. चांदणी म्हणावी तर मोठा, विमान म्हणावं तर जागचा हलेना. फोटो काढला, नुसता काळा पडदा आला. ग्रुपवर लिहिलं. "काका, रात्री कमी घेत जा", "एलियनला शेंगाचटणी द्या", "काय बे, शुक्र हाय त्यो". अर्ध्या तासात ग्रुप गड्ड्याच्या जत्रेच्या फोटोंवर गेला.

माझं डोकं मात्र तिथंच अडकलं, आणि त्या नादात अमेरिकन हवाईदलाच्या 'प्रोजेक्ट ब्लू बुक'च्या, म्हणजे उडत्या तबकड्यांच्या तक्रारी तपासणाऱ्या मोहिमेच्या, फायली वाचत बसलो. 1947 ते 1969. एकूण 12,618 नोंदी, त्यातल्या 701 शेवटपर्यंत 'अनोळखी'. जगभर चर्चा होते ती या 701 ची. मला उरलेल्या जास्त आवडल्या. शेतकरी, पोलीस, वैमानिक, घरातल्या बायका, सगळ्यांना लष्करानं एक लांबलचक फॉर्म भरायला दिला. किती वाजता? किती वेळ? कुठल्या दिशेला? चित्र काढा. आणि हात लांब करून धरलं तर ती वस्तू कशाएवढी: टाचणीचं डोकं, वाटाणा, नाणं की बेसबॉल?

थट्टा नाही, आधी माप. मला हे फार भारी वाटलं.

पण भाबडं होण्यात अर्थ नाही. 1997 मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेच्या, सीआयएच्याच नियतकालिकात एका सरकारी इतिहासकारानं लिहिलं की पन्नाशीच्या दशकाअखेरच्या आणि साठीच्या दशकातल्या निम्म्याहून जास्त तक्रारी म्हणजे त्यांचीच गुप्त टेहळणी विमानं होती. त्यातलं यू-2 साठ हजार फुटांच्या वर उडायचं. खाली सूर्य मावळलेला, वर त्याच्या पंखांवर ऊन. चौकशी करणाऱ्यांना हे कळायचं, पण लोकांना उत्तर काय? बर्फाचे कण, हवेतल्या तापमानाचा फरक. बघणारा खरं बोलत होता आणि वहीच खोटं बोलत होती. माझा राग आहे तो इथं. ब्रिटनच्या संरक्षण खात्यानं 2009 मध्ये अशा तक्रारी घेणारं आपलं टेबलच बंद केलं, पण जुन्या फायली तरी लोकांसमोर ठेवल्या.

आता आपलं. हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्था मोठाले फुगे सोडते. व्यास 50 ते 85 मीटर, उंची 30 ते 42 किलोमीटर. उपकरणं विशाखापट्टणम-हैदराबाद-सोलापूर या पट्ट्यात कुठंही उतरू शकतात, सापडली तर हात लावू नका, असं निवेदन आधीच पेपरात येतं. म्हणजे आपल्या डोक्यावर काय येणार ते सांगितलेलं असतं. आपणच ते पान उलटून क्रिकेटवर जातो. माझा ठिपका बहुतेक तोच. खाली अंधार आणि वर ऊन, पहाटे फुगा चमकणारच.

'बहुतेक' म्हणतोय, कारण तो फॉर्म मी स्वतः भरायला बसलो आणि दुसऱ्याच प्रश्नाला अडलो. वेळ आठवेना. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "साडेसहा. पाचव्या दिवशी पाणी आलं होतं ना, मी मोटर लावायला उठले होते." आणि केवढा होता? "ज्वारीच्या दाण्याएवढा. टाकीच्या डाव्या अंगाला."

दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलंय. होटगी रोड, विजापूर रोडकडच्या कुणी पाहिलं असेल तर कमेंटमध्ये सांगा. एलियन नकोत. वेळ, दिशा, आणि कशाएवढं, एवढंच.