जुना ड्राइव्ह घेताना नेमप्लेट वाचू नये

शेडमध्ये फक्त सिंगल फेज कनेक्शन असूनही आपण 1 एचपीच्या थ्री फेज मोटारीचे जुने लेथ उचलून आणले असेल, तर आता पुण्याच्या जुन्या बाजारातून एखादा वापरलेला व्हीएफडीही, म्हणजे सिंगल फेजवरून थ्री फेज मोटार चालवून तिचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हही, आणावा. नवा ड्राइव्ह बिल आणि वॉरंटीसह मिळतो. त्यात पराक्रम तो कसला?

विक्रेता दोन वायरी खुपसतो, लाल अंक उजळतात आणि तो म्हणतो, "चालू आहे साहेब." एवढा पुरावा पुरेसा मानावा, मोटार जोडून दाखवायला सांगणे म्हणजे भल्या माणसावर अविश्वास दाखवणे होय. नेमप्लेटवरची काजळी तर मुळीच पुसू नये, कारण तिच्याखाली 'इनपुट थ्री फेज, 380 ते 480 व्होल्ट' असे निघाले, तर आपल्या 230 व्होल्टांतून ड्राइव्हच्या आतल्या डीसी बसवर (एसीचा डीसी होऊन साठतो त्या भागावर) जेमतेम 325 व्होल्ट येतात आणि ड्राइव्हला 550च्या आसपास हवे असतात, हे तिथेच कळेल व घरी 'रन' दाबल्यावर अंडरव्होल्टेजचा कोड पाहण्यातली गंमत निघून जाईल.

230 व्होल्टांचा, पण थ्री फेज इनपुटचा ड्राइव्ह मिळाला, तर तो मोटारीच्या दुप्पट क्षमतेचा घ्यावा, असे जाणकार सांगतात. सगळा करंट दोनच फेजांच्या डायोडमधून जातो आणि कपॅसिटर तापतात, हे त्यांचे पालुपद. आपण 1 एचपीला 1 एचपीचाच घ्यावा. कपॅसिटरचे माथे फुगलेले दिसले, तर ते सुदृढ प्रकृतीचे लक्षण समजावे. वर्षानुवर्षे पडून असलेल्या ड्राइव्हला व्होल्टेज हवे तसे कमीजास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, म्हणजे व्हेरिअ‍ॅकवर हळूहळू व्होल्टेज चढवत जागे करणे हे रिकामटेकड्यांचे काम आहे.

मोटारीचा टर्मिनल बॉक्सही उघडू नये. छोट्या मोटारी बहुधा 415 व्होल्टांसाठी स्टारमध्ये (तिन्ही वाइंडिंगचे एकेक टोक एका बिंदूत जुळवून) जोडलेल्या असतात आणि 230चा ड्राइव्ह 230च्या वर देत नाही, त्यामुळे सहा टोके बाहेर असली तर पट्ट्या फिरवून डेल्टा (वाइंडिंगची त्रिकोणी जोडणी) करावा लागतो. मग नेमप्लेटवरचा 1.8 अँपिअर करंट 3.1 होतो आणि ड्राइव्हची निवड त्यावरून करावी लागते. तीनच टोके असली, तर वाइंडिंगच्या पोटातला स्टार पॉइंट शोधायला रीवाइंडिंगवाल्याकडे जावे लागते. एवढा उपद्व्याप कोण करणार? मोटार स्टारमध्येच ठेवावी, ती नुसती छान फिरते. टूल टेकवताच चक जागच्या जागी थांबला, तर दोष लेथ विकणाऱ्याला द्यावा.