‘कन्व्हर्टरवर टाका, उघडेल’ म्हणणाऱ्यांना

आमच्या नाशिकच्या डीटीपीवाल्यांत एक मेसेज फिरतोय: ‘फाइल कितीही जुनी असू द्या, ऑनलाइन कन्व्हर्टरवर टाका, मिनिटात उघडते. नाही उघडली तर एक्स्टेन्शन बदला. जुने प्रोग्रॅम आणि फाँट डिलीट करा. एकदा पीडीएफ केली की झालं काम.’ मी बावीस वर्षं रविवार कारंजाजवळ मराठी जुळणी करते. ते ‘डिलीट करा’ वाचून पोटात गोळा आला.

‘एक्स्टेन्शन बदला.’ एक्स्टेन्शन म्हणजे फाइलच्या नावात शेवटच्या टिंबानंतर येणारी अक्षरं. डब्यावरची चिठ्ठी बदलून आतलं पीठ बदलत नाही. फाइलची खरी ओळख आत असते. नोटपॅडमध्ये उघडून पहिली अक्षरं बघा (सेव्ह मात्र करू नका). ‘पीके’ (PK) दिसलं तर ती आतून झिप, म्हणजे अनेक फाइलींचं एक गाठोडं. आजच्या वर्डच्या फाइलीही अशाच सुरू होतात.

‘मिनिटात उघडते.’ जुने फोटो बऱ्याचदा उघडतात, ते मान्य. मराठी मजकुराची गोष्ट वेगळी. गेल्या महिन्यात पंचवटीचे एक काका सीडी घेऊन आले. २००३ च्या सिंहस्थाच्या वर्षी छापलेला त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत, पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये केलेला. भाच्याने कन्व्हर्टरवरून वर्डची फाइल काढून दिली होती. ‘ताई, सगळी इंग्रजी अक्षरं आलीत. सीडी खराब झाली का हो?’

सीडी ठणठणीत होती. त्या काळच्या मराठी फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत: कुठे काना, कुठे अर्धा श. फाइलीत साठते ती इंग्रजी अक्षरंच. त्यांना मराठी रूप देतो तो फाँट. भाच्याने मग कुठल्याशा युनिकोड (आजच्या कॉम्प्युटर-मोबाइलवर मराठी साठवायची पद्धत) कन्व्हर्टरवरून मजकूर फिरवला, तर ‘नाशिक’चं ‘नािशक’ झालं आणि ‘वर्ष’चं ‘वषर्’. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी, अक्षराच्या आधी साठत असे आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलटं: वेलांटी अक्षरानंतर, रफाराचा र् आधी. नुसती चिन्हाला चिन्ह अशी अदलाबदल केली की असा घोळ होतो. शिवाय कुठलं चिन्ह कुठल्या जागी, हे श्रीलिपीचं वेगळं आणि आयएसएमचं वेगळं (दोन्ही मराठी टाइप करायची सॉफ्टवेअर). फाँट कोणता होता हेच माहीत नसेल, तर कुठला तक्ता लावणार?

म्हणून ‘डिलीट करा’ला माझं सरळ उत्तर: अजिबात नको. फाँटची फाइल मूळ कामाच्याच फोल्डरमध्ये ठेवा, कागदावर नाव लिहा. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, सातवी, २००१ ची. ज्याच्याकडे तो चालू आहे त्याने तो जपावा. नसेल तर लिबरऑफिस ड्रॉ या फुकट प्रोग्रॅममध्ये उघडून बघा. काही पेजमेकर फाइली त्यात उघडतात, त्याही घरच्या कॉम्प्युटरवर.

घरच्या म्हणते, कारण कुलवृत्तांतात काय असतं? माणसांच्या जन्मतारखा, पत्ते, फोन नंबर. ते अनोळखी सर्व्हरवर का टाकायचं? फुकट कन्व्हर्टरच्या नावाखाली व्हायरस घुसवणाऱ्या साइटपासून सावध राहा, असं अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने मार्च २०२५ मध्ये सांगितलंच आहे. फाँट बदलणारी काही वेबपानं सगळं काम ब्राउझरमध्येच करतात. पान उघडल्यावर नेट बंद करा. तरीही मजकूर बदलून मिळाला, तर रूपांतर तुमच्याच मशीनवर झालं.

‘पीडीएफ केली की झालं.’ छापायला हो. पण जुन्या फाँटच्या पीडीएफमध्ये ‘गोदावरी’ शोधून बघा, सापडत नाही, कारण आत तीच इंग्रजी अक्षरं असतात. फाँट हरवला आणि पीडीएफ नीट दिसत असेल, तर पानांची चित्रं करून ओसीआर करणं, म्हणजे चित्रातली अक्षरं कॉम्प्युटरकडून वाचून घेणं, सोपं. टेसरॅक्ट हा ओसीआरचा प्रोग्रॅम मराठी वाचतो. प्रूफ मात्र माणसानेच वाचायचं.

काकांच्या घरी छापील प्रत निघाली, शेवटच्या पानावर फाँटचं नावही होतं. आता दोघं मिळून ओळ न् ओळ ताडतोय. नावं झाली, सनावळ्यांची चाळीस पानं बाकी आहेत.