नियम काय फक्त नातेवाइकांना?

गेटवरचा सिक्युरिटीवाला माझ्या भावाचे खिसे चाचपतो. तंबाखूची पुडी निघाली की थेट कचऱ्याच्या डब्यात, वर चारचौघांत शोभा. बरोबरच आहे, दवाखान्यात ती नकोच. पण ड्युटीवर येणाऱ्यांचे खिसे कोण बघतं हो?

आत्याला दम्याचा झटका आला म्हणून सरकारी दवाखान्यात ठेवलंय. तिच्या खिडकीला लागूनच मागचा जिना. तिथे वॉर्डबॉय मामा, ब्रदर, लॅबवाले, आणि रात्री गळ्यात स्टेथो लटकवलेले डॉक्टरसुद्धा! एकाची विझली की दुसऱ्याची पेटते. धूर सरळ वॉर्डात. आत्या नेब्युलायझरचा मास्क लावून बसलेली. खिडकी लावली तर उकाड्याने जीव जातो, उघडली तर खोकल्याची उबळ. थोटकं टाकायला सलाइनची बाटली मधोमध कापून पायरीवर ठेवलीये. सोय बघा! आम्ही उशी मागून मागून थकलो, ती अजून आली नाही.

सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे नियम 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू आहेत. विमानतळाला, किमान 30 खोल्यांच्या हॉटेलला वेगळी स्मोकिंगची जागा करता येते. दवाखान्याला तीसुद्धा मुभा नाही. दंड म्हणाल तर जास्तीत जास्त 200 रुपये, म्हणजे कोण घाबरणार? तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव लावायचं असतं. इथल्या बोर्डावर ती जागा कोरी. बोर्डाखाली पिचकाऱ्या, त्या वेगळ्याच.

मामांना हात जोडून सांगितलं, जरा पलीकडे जाऊन ओढा. तर म्हणे, "ताई, आमचं टेन्शन तुम्हाला काय कळणार!" अहो, कळतं. डबल ड्युटी, माणसं कमी, वर नातेवाइकांच्या शिव्या. मान्य. मग गेटबाहेर जा ना, टपरी आहेच की. दमेकऱ्यांच्या खिडकीखालीच टेन्शन हलकं व्हायचं असतं का?

आणि सकाळच्या राउंडला तोच जिन्यावरचा डॉक्टर शेजारच्या कॉटवरच्या आजींच्या मुलाला सगळ्यांदेखत झापतो, "आधी बिडी सोडा, आईसमोर लाज वाटत नाही का?" बोलताना त्याच्या स्वतःच्या तोंडाला भपकारा!

शेवटी ऑफिसात लेखी अर्ज द्यायला गेले. क्लार्क म्हणाला, साहेब जागेवर नाहीत, मागच्या जिन्यावर बघा.