वैष्णोदेवीच्या नाण्याचे दहा लाख कुणालाही मिळालेले नाहीत

कोल्हापुरातल्या पेठापेठांच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा मजकूर साधारण असा: 'वैष्णोदेवीच्या नाण्याला दहा लाख, ट्रॅक्टरच्या नोटेला दोन लाख. रिझर्व्ह बँक खरेदी करते. आजीच्या डब्यातली राणीछाप नाणी तर कोटींची. अमेरिकेत एका घराने तीन डॉलरला वाटी घेतली आणि कोट्यधीश झालं. शेतात काही सापडलं तर ते तुमचंच, गप्प बसा.' खाली एक मोबाईल नंबर असतो. यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि काही वाक्यांमुळे माणसं लुबाडली जातात. म्हणून एकेक घेतो.

सगळ्यात घातक वाक्य रिझर्व्ह बँकेचं. ऑगस्ट २०२१मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतःच जाहीर केलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही, त्यासाठी ती कुठलंही शुल्क किंवा कमिशन घेत नाही आणि असं काम तिने कुणाला दिलेलंही नाही. मेसेजमधल्या नंबरवर फोन केला की पुढचं ठरलेलं असतं. आधी नाण्याचा फोटो मागतात. मग 'सौदा पक्का' म्हणून बँकेच्या चिन्हाचं पत्र येतं. मग नोंदणी फी, मग जीएसटी, मग एनओसीचे पैसे. प्रत्येक वेळी रक्कम थोडी वाढते आणि आधी भरलेले बुडतील या भीतीने माणूस पुढची भरतो. शिवाजी पेठेतल्या ओळखीच्या एका काकूंनी भिशीचे पैसे असेच घालवले आणि घरात कळू नये म्हणून कितीतरी दिवस कुणाला सांगितलं नाही. लाज त्यांनी बाळगायचं काही कारण नव्हतं. नाणं खरंच हवं असलेला माणूस विकणाऱ्याकडून पैसे मागत नाही, तो देतो. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळायची आशा कमी.

आता ते वैष्णोदेवीचं नाणं. पाच आणि दहा रुपयांची ही नाणी २०१२ साली देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त निघाली. ती चलनातच आली, बाजारात फिरली, अजूनही फिरतात. श्रद्धेने जपायची असतील तर जरूर जपा, पण दहाच्या नाण्याचे दहा लाख होत नाहीत. ट्रॅक्टरच्या नोटेचंही तेच. ऑनलाईन जाहिरातीत दोन लाख लिहिलेले दिसतात हे खरं, पण ती मागितलेली किंमत आहे. जाहिरातीत कुणीही कितीही आकडा टाकू शकतो. तेवढे पैसे मोजून कुणी नोट नेली का, हे पाहायचं असतं.

'जितकं जुनं तितकं मोलाचं' हा दावा मात्र सविस्तर बघण्यासारखा आहे, कारण तो चांगल्या शिकलेल्या माणसांनाही पटतो. राणीछाप रुपयावर १८६२ साल दिसलं की लोक हरखतात. पण टाकसाळीने ते साल बदललंच नाही. पुढे १८७४पर्यंत १८६२ कोरलेलेच रुपये पाडले. त्यामुळे ते भरपूर आहेत. १९१८चा राजाछाप रुपया घ्या. पहिल्या महायुद्धात चांदीची चणचण झाली तेव्हा अमेरिकेने त्या वर्षीच्या पिटमन कायद्याखाली पंचवीस कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले, आणि ती चांदी मुख्यतः हिंदुस्थानातल्या रुपयांसाठी आली. म्हणजे आजीच्या डब्यातल्या रुपयात अमेरिकेचा डॉलर मुरलेला असू शकतो! ही गोष्ट मला फार आवडते, पण ज्या वर्षी एवढे रुपये पडले त्या वर्षीच्या रुपयाला गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, साधारण चांदीचाच भाव मिळणार. वजन ११.६६ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. १९४० ते १९४५च्या रुपयात तर चांदी निम्मीच आहे.

याउलट १९११चा रुपया. पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, आणि पाडलेल्यातले बहुतेक रुपये वितळवले गेले. पुढच्या वर्षी हत्ती सुधारला. त्यामुळे १९११च्या रुपयाला संग्राहक १९१२च्या रुपयापेक्षा बरेच जास्त देतात, वयात फरक एका वर्षाचा असूनही. नाणी किती उरली, किती झिजली आणि कुणाला हवी आहेत, यावर किंमत ठरते. शिवाजी महाराजांनी सुरू केलेल्या शिवराईचंही तसंच: तांब्याच्या शिवराया पुढे पेशवाईतही पाडल्या जात होत्या, म्हणून साधी शिवराई काहीशे रुपयांत मिळते, सोन्याचा शिवराई होन मात्र अत्यंत दुर्मीळ आहे.

आणि कृपा करून नाणं चिंच, राख किंवा पावडरने घासू नका. वर्षानुवर्षं चढलेली झाक गेली की संग्राहक हात लावत नाही.

१८१८ सालचं, रामदरबार कोरलेलं 'ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं' चुंबकासारखे तांदळाचे दाणे स्वतःकडे ओढतं म्हणून लाखो मागतात, ते कंपनीचं नाहीच. १८१८मध्ये कंपनीच्या तिन्ही इलाख्यांची नाणी वेगवेगळी होती, सबंध मुलखासाठी एकसारखी नाणी १८३५पासून निघाली, आणि रामदरबार कंपनीने कधी कोरला नाही. तांदूळ ओढणं ही शुद्ध फसवणूक आहे.

अमेरिकेतली वाटी तेवढी खरी. तीन डॉलरला घेतलेली ती चीनच्या सोंग घराण्याच्या काळातली, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वीची निघाली आणि २०१३मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात बावीस लाख डॉलरला गेली. पण का गेली? तिच्यासारखी दुसरी एकच वाटी माहीत होती आणि ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तीन डॉलरला घेतलेल्या आणि तीन डॉलरच्याच राहिलेल्या वाट्यांची बातमी होत नाही.

राहिलं शेतातलं. 'गप्प बसा' हा सल्ला कायद्याच्या विरुद्ध आहे आणि सापडणाऱ्याच्याही तोट्याचा. १८७८च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. दुसरा मालक पुढे आला नाही आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसेल तर तीन-चतुर्थांश सापडणाऱ्याचं, उरलेलं जमीनमालकाचं. लपवलं तर वाटा सरकारजमा आणि शिक्षाही होऊ शकते.

जमिनीतल्या वस्तूंचं मोल पैशापलीकडचंही असतं. कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं. ग्रीक समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्ती ब्रह्मपुरीचीच. तिथल्या वस्तू आज टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहेत. सातवाहनकाळातल्या वासिठीपुत विळिवायकुरसारख्या राजांची नावं आपल्याला कळली ती कोल्हापुरात मिळालेल्या शिशाच्या नाण्यांवरून. शिसं स्वस्त धातू, भंगारात किलोवर जाईल अशी. ती नाणी कुणी गुपचूप वितळवली असती तर त्या राजांचं नावही उरलं नसतं. तुमच्या नांगराला काही लागलं तर धुऊ नका, जागेवरच फोटो काढा, जिल्हाधिकाऱ्यांना आणि संग्रहालयाला कळवा.