आयर्लंडची २६ टक्के वाढ आली कुठून?

युरोपातल्या कर्जसंकटानंतर आयर्लंडने कर उतरवला, सुधारणा रेटल्या, २०१५ मध्ये अर्थव्यवस्था २६ टक्क्यांनी वाढली. दरडोई जीडीपीत आज जर्मनीच्या पुढे, म्हणून युरोपात सर्वांत स्पर्धाक्षम. हा दावा हल्ली जिथे तिथे फिरतोय.

कराचं आधी. साडेबारा टक्क्यांचा कंपनी कर २००३ पासूनचा आहे. संकटानंतर तो उतरवलेला नाही.

२६ टक्के हा आकडा मात्र खरा. आयरिश सांख्यिकी कार्यालयानेच तो जुलै २०१६ मध्ये जाहीर केला. झालं असं की, बड्या बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा आयरिश उपकंपन्यांच्या नावावर केली. आता माल आशियातल्या कंत्राटी कारखान्यात बनतो, तिथूनच परस्पर गिऱ्हाइकाकडे जातो, आयर्लंडच्या बंदराला लागतसुद्धा नाही. मालकी आयरिश, म्हणून निर्यातही आयर्लंडच्या खात्यात.

इथेच ‘स्पर्धाक्षम’ हा शब्द घसरतो. त्याचं नेहमीचं माप म्हणजे उत्पादनाच्या एका एककामागे पडणारा श्रमखर्च: एकूण वेतन भागिले उत्पादन. छेद फुगला की भागाकार आपसूक उतरतो. कुणाचा पगार बदलला नाही, कुणाचा हात जलद चालू लागला नाही, तरी देश ‘स्वस्त’ झाला! त्याआधी २००८ नंतरही गंमत झालीच होती: बांधकाम कोसळलं, कमी उत्पादकतेच्या नोकऱ्या गेल्या आणि उरलेल्यांची सरासरी उत्पादकता वर चढली. म्हणून परदेशी कंपन्यांचा वरचष्मा असलेली क्षेत्रं, मुख्यतः औषधनिर्मिती आणि माहिती-तंत्रज्ञान, बाजूला काढून उरलेल्यांचा श्रमखर्च पाहावा.

जर्मनीशी तुलना करायची तर २०१७ पासून आयर्लंड स्वतःच प्रसिद्ध करतो ते सुधारित राष्ट्रीय उत्पन्न घ्या. त्यातून आयात बौद्धिक संपदेचा आणि भाड्याने दिलेल्या विमानांचा घसारा, तसंच फक्त मुख्यालय आयर्लंडला हलवलेल्या कंपन्यांचा नफा वगळतात. २०२३ मध्ये सरकारी कर्ज जीडीपीच्या सुमारे ४३ टक्के होतं. या उत्पन्नाशी ताडलं तर सुमारे ७६. कर्ज तेच, फक्त छेद बदलला.

राहिल्या सुधारणा. ओईसीडी, म्हणजे मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना, मोजते ते तिने दिलेल्या शिफारशींपैकी किती अमलात आल्या हे; म्हणजे वेग, पातळी नव्हे. संकटाच्या वर्षांत त्यात ग्रीस आघाडीवर होता, कारण त्याला मिळणाऱ्या बचाव-कर्जाचा पुढचा हप्ता सुधारणांवरच अडलेला असे. जर्मनीने कामगार बाजारातलं मोठं काम २००३ ते २००५ मध्येच उरकलं होतं, म्हणून त्या वर्षांत तो मागे दिसतो.