ससा शिंकतोय? मग आधी पिंजऱ्यातला भुसा काढा

पावसाळा लागला की ससे पाळणाऱ्यांमध्ये एक मजकूर हमखास फिरू लागतो. यंदा मला तो चार जणांनी पाठवला. त्यात म्हटलंय : ससा शिंकतोय म्हणजे त्याला थंडी बाधली. पिंजऱ्यात वखारीतला लाकडाचा भुसा जाडसर पसरा, ऊब मिळते आणि वासही मरतो. नाकाला बाम लावा. दोन दिवसांत फरक पडला नाही तर लहान मुलांचं अँटिबायोटिक थोडं थोडं पाजा.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. पण हे सगळं ऐकलं तर ससा दगावू शकतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतेय.

आधी ती ‘थंडी’. दाट केसांच्या सशाला गारवा सोसतो, उकाडा सोसत नाही. पारा ३० अंशांकडे गेला की त्याचे हाल सुरू होतात. म्हणजे आपल्याकडे त्याला जास्तीच्या उबेची गरज बहुतेक वेळा नसतेच. आपल्याला होते ती सर्दीही त्याला सहसा लागत नाही. मग शिंका कशाने येतात? धुळीने, लघवीच्या उग्र वाफेने, नाकात अडकलेल्या गवताच्या काडीने, पाश्चुरेला किंवा बोर्डेटेलासारख्या जंतूंनी, आणि पुष्कळदा दातांमुळे. सशाचे दात जन्मभर वाढतात आणि वरच्या दातांची मुळं अश्रुनलिकेला अगदी लागून असतात. मुळं वाढली की नळी दाबली जाते, डोळा पाणावतो, नाकही वाहतं.

यातलं साधं काय आणि गंभीर काय, हे पुढच्या पायांवरून बरंच कळतं. ससा नाक पायांनीच पुसतो. त्याला मांडीवर घ्या आणि पुढच्या पंजांची आतली बाजू बघा. तिथले केस खळ घातल्यासारखे कडक, चिकटून पिवळट झाले असतील तर नाकातून घट्ट स्राव येतोय. तुमच्यासमोर तो एकदाही शिंकला नसला, तरी डॉक्टरांकडे न्यायलाच हवा. केस मऊ-कोरडे आणि पाणी पिताना, अंग चाटताना एखादी शिंक, एवढंच असेल तर घाबरू नका.

आता भुसा. मला सगळ्यात जास्त याबद्दलच बोलायचंय, कारण इथे रोगालाच औषध म्हणून विकलं जातंय. ससा श्वास नाकानेच घेतो आणि त्याचं नाक जमिनीपासून चार बोटांवर असतं. वखारीतला भुसा म्हणजे निम्मी बारीक धूळ. त्यात साग असतो, त्याच्या धुळीने सुतारांनासुद्धा शिंका येतात, अंगाला खाज सुटते. प्लायवूड कापलेलं असेल तर गोंदाची रसायनंही आलीच. पाकिटातल्या पाइन-देवदाराच्या सुवासिक भुशाचं वेगळंच. तो सुवास म्हणजे लाकडातली उडून जाणारी रसायनं. देवदारासारख्या मऊ लाकडाच्या अंथरुणावर ठेवलेल्या उंदरांच्या यकृतातली औषधं पचवणारी विकरं (एन्झाइम) वाढतात, हे १९६७ सालीच प्रयोगातून दिसलं होतं. अशा अंथरुणावर राहणाऱ्या प्राण्याला औषधाची किंवा भुलीची मात्रा नेहमीसारखी लागू पडेलच असं नाही. भट्टीत नीट वाळवलेल्या, धूळ काढलेल्या लाकडाला मात्र सरसकट वाईट म्हणणं बरोबर नाही. लाकडाच्या दाबलेल्या गोळ्यांतली ही रसायनं उष्णतेने बरीचशी निघून जातात.

‘वास मरतो’ हेही खरं नाही, वास फक्त झाकला जातो. माझी पहिली ससुली संध्याकाळी वीस-वीस वेळा शिंकायची. दुकानदाराच्या सांगण्यावरून मी चार बोटं जाड भुसा घातला होता. वरून कोरडा, छान. एकदा गुडघे टेकून, तिच्या नाकाच्या उंचीवर तोंड नेऊन मी तो कोपऱ्यातून उकरला, तर खाली काळपट ओला थर होता आणि माझ्याच डोळ्यांना झिणझिण्या आल्या. तो अमोनिया. तो नाकाचं आतलं अस्तर दुखावतो आणि मग जंतूंना वाट मोकळी होते. भुसा काढला, आठवड्याभरात शिंका एक-दोनवर आल्या. दुसऱ्या सशाला मात्र अंथरूण बदलूनही काही फरक पडला नाही. एक्स-रेमध्ये दाताचं मूळ वाढलेलं निघालं.

बामाचं थोडक्यात : त्यात कापूर आणि मेंथॉल असतं, ससा ते लगेच चाटतो. लावू नका. पिंजऱ्याजवळ धूप, अगरबत्ती, डासांची कॉइलही नको.

अँटिबायोटिकचा सल्ला सगळ्यात घातक. मुलांच्या त्या औषधात बहुधा अमॉक्सिसिलिन असतं. ते सशाच्या पोटात गेलं की आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, क्लॉस्ट्रिडियम नावाचे घातक जंतू माजतात आणि त्यांच्या विषाने जुलाब होऊन ससा काही दिवसांत जाऊ शकतो. ‘आमच्या डॉक्टरांनी तर पेनिसिलिनच दिलं होतं’ असं कुणी म्हणेल. दिलं असेल, पण इंजेक्शनने. तोंडावाटे देणं ही अगदी वेगळी गोष्ट आहे.

मग घालायचं काय? ससा बहुतेक वेळा एकच कोपरा धरून लघवी करतो, त्यामुळे शोषून घेणारं अंथरूण तेवढ्यापुरतं पुरतं. तळाशी कागदाच्या किंवा लाकडाच्या दाबलेल्या गोळ्या, नाहीतर वर्तमानपत्राच्या जाड घड्या, आणि वर सुकं गवत. गवत आधी गॅलरीत झटकून घ्या, कुबट वास आला किंवा काळे ठिपके दिसले तर सरळ फेका. भाताचं तूस धुळकट आणि टोचरं, ते नको. मांजरांसाठी मिळणारी गोळा होणारी मातीही नको, ससा ती खातो आणि ती पोटात फुगते. कोपरा रोज साफ करा. लघवीचा पांढरा थर पाणी घातलेल्या व्हिनेगरने निघतो, फिनेल वापरू नका.

ससा मान वर करून, तोंड उघडून श्वास घेत असेल किंवा अर्धा दिवस त्याने काही खाल्लं नसेल, तर अंथरूण बदलत बसू नका, त्याच तासाला दवाखाना गाठा. सोबत पिशवीत मूठभर अंथरूण घ्या, म्हणजे खाली काय घालता ते डॉक्टरांना दाखवता येईल.