शाळा बंद करायची आहे? आधी पोहे सांगून ठेवा

तुमच्या कॉलनीत सरकारी मिडल स्कूल असेल आणि तिच्या फाटकापासून पन्नास पावलांवर सिटी बसचा थांबा असेल, तर तुम्ही नशीबवान आहात. अशी शाळा बंद करणं फार सोपं असतं. लोकांना उगाच वाटतं, की हे काम भोपाळहून होतं. भोपाळहून फक्त कागद येतो. बाकीचं सगळं रहवासी संघाला करावं लागतं, आणि आम्ही इंदूरच्या पश्चिमेला ते नुकतंच करून मोकळे झालो आहोत, म्हणून चार अनुभवाच्या गोष्टी सांगतो.

सुरुवात वीस वर्षं आधी करावी लागते. काही विशेष करायचं नाही, आपली मुलं तिथे घालायची नाहीत. आमच्या पिढीतले निम्मे लोक सहावी ते आठवी त्याच शाळेत होते. तेव्हा तिथे मराठीचाही एक वर्ग होता. तो कुणी बंद केला नाही हं, गैरसमज नको. एका जुलैत त्या वर्गात तीन मुलं उरली आणि पुढल्या जुलैत नुसत्या बाईच उरल्या. म्हणजे आपल्या लोकांना सराव आहेच. आता आमची मुलं सकाळी सहा चाळीसच्या पिवळ्या बसने बायपासपलीकडच्या शाळेत जातात आणि दुपारी तीनला झोपलेली परत येतात. त्याला एक्स्पोजर म्हणतात.

आपली मुलं काढून घेतली, की ‘दर्ज संख्या’, म्हणजे शाळेचा पट, कमी होते. हा शब्द पाठ करा. ‘मुलं’ म्हणू नका, मुलं म्हटलं की चेहरे दिसतात. दर्ज संख्येला चेहरा नसतो. तीही पुरेशी घसरत नसेल, तर धीर धरा. गणिताचे सर मतदार यादीच्या कामाला जातील. शिक्षण हक्क कायद्यात निवडणूक, जनगणना आणि आपत्ती या तीन कामांना शिक्षक लावता येतात, आणि या तिन्हींपैकी एक तरी कायम चालू असतं. सरांच्या जागी अतिथी, म्हणजे तात्पुरते, शिक्षक येतात. नावाप्रमाणे अतिथीच, कधी येतील ती तिथी ठरलेली नाही. मग तुम्ही निःश्वास सोडून म्हणायचं, “तिथे शिकवतं कोण हो आता?”

आता बैठक. ती रविवारी सकाळी दहाला ठेवा. पोहे, वर जिरावन मसाला, बाजूला जिलबी. पोहे आधी वाटा, भाषणं नंतर. तोंडात घास असलेला इंदुरी माणूस वाद घालत नाही. शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, असं कायदा म्हणतो, तेव्हा त्यांना निरोप जरूर द्या. ते यायचे नाहीत. दहा वाजता त्यातल्या बहुतेक जणी तुमच्याच घरात भांडी घासत असतात. आमच्या बैठकीला एक आली होती, रिकाम्या प्लेटा उचलायला. तिची उपस्थिती आम्ही इतिवृत्तात नोंदवली आहे.

बैठकीत गहिवर आधी उरकून घ्या, फार महत्त्वाचं आहे हे. आमच्याकडे एका निवृत्त काकांनी शाळेच्या आवारातल्या चिंचेची, छडीची आणि पंधरा ऑगस्टच्या लाडवांची आठवण काढली. दोघांनी डोळे पुसले. एकाने शाळेच्या भिंतीचा फोटो दाखवला. २०१७ पासून स्वच्छतेत आपला पहिला नंबर, त्यामुळे भिंत बाहेरून दरवर्षी रंगते. ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका निळ्या डब्यात, सगळं चित्रांसकट. आतलं छप्पर गळतं, पण ते रस्त्यावरून दिसत नाही. सगळे पुरेसे हळवे झाले, की ठराव मांडा. हळव्या माणसाचा हात पटकन वर जातो.

ठरावात ‘बंद’ हा शब्द कुठेही येता कामा नये. ‘विलीनीकरण’ लिहा, म्हणजे आपली शाळा दूरच्या मोठ्या शाळेत मिसळली. आपल्या राज्यात मोठ्या सरकारी शाळांचं नाव आधी सीएम राइज होतं, २०२५मध्ये ते सांदीपनि झालं. नाव ऐकूनच मन प्रसन्न होतं. सांदीपनींचा आश्रम इथून जवळ, उज्जैनला. तिथे कृष्ण आणि सुदामा एका वर्गात बसायचे म्हणे. आम्ही त्यात एवढीच सुधारणा केली, की कृष्णाला पिवळ्या बसने बायपासपलीकडे पाठवलं. सुदाम्याच्या नावाने शहरात एक अख्खी कॉलनी आहेच, आणखी काय हवं त्याला?

कुणी अंतर काढेलच. नियमाप्रमाणे सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत हवी. ते फोनवर मोजा, सरळ रेषेत. आमचं दोन पूर्णांक आठ आलं. चालून मात्र बघू नका. वाटेत रिंग रोड आहे, दोन चौक आहेत, आणि त्यातल्या एका चौकातला सिग्नल रात्रंदिवस नुसता पिवळा डोळा मारतो.

एखादा शहाणा म्हणेल, की गरिबांच्या मुलांना प्रायव्हेट शाळेत पंचवीस टक्के जागा आहेत, तिकडे पाठवा. वा, म्हणा. पाठ थोपटा. त्या जागा पहिल्या पायरीवरच, म्हणजे नर्सरी, केजी नाहीतर पहिलीत भरतात आणि सातवीतल्या मुलीला त्यांचा काडीचा उपयोग नाही, हे सांगणारा माणूस बैठकीत असलाच, तर त्याला आणखी जिलबी वाढा.

आणि आता तुमचा हुकमाचा एक्का, बसथांबा. तो दोन वेळा वापरता येतो. कुणी म्हणालं, शाळा राहू द्या, मुलं येतात, की विचारायचं, “येतात कुठून? बसने! म्हणजे आपल्या कॉलनीतली नाहीतच.” दहा मिनिटं जाऊ द्या. मग कुणी म्हणालं, मुलांनी आता जायचं कुठे, की म्हणायचं, “दारात बस आहे की!” आमच्या सचिवांनी ही दोन्ही वाक्यं एकाच प्लेटीतले पोहे संपायच्या आत म्हटली आणि दोन्हींना टाळ्या पडल्या. बस आज आहे तशी उद्या असेलच का, असा प्रश्न कुणालाही पडला नाही. ज्या शहराने २०१३ साली बीआरटीएस, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका, सुरू केली आणि २०२५ साली हायकोर्टाच्या आदेशाने ती तोडायला घेतली, तिथे तो पडायला हवा होता खरं तर. पण आता मेट्रो आली आहे ना! ३१ मे २०२५ला, अहिल्याबाईंच्या तीनशेव्या जयंतीला सुरू झाली. सुरुवातीला सहा किलोमीटर, पाच स्टेशनं, सगळी सुपर कॉरिडॉरकडे. आमच्या शाळेच्या मुलांपैकी तिकडे कुणीच राहत नाही, पण शहर पुढे जातंय हे तरी त्यांना कळेल.

रिकाम्या जागेचं काय करायचं, तेही आधीच ठरवून ठेवा. आमच्याकडे पार्किंग होणार आहे. बसथांब्याला लागून पार्किंग झालं, की गाड्या लावायची सोय होईल आणि मग बसची गरजच उरणार नाही.

एवढं करूनही कुणी विरोधात गेलंच, तर घाबरू नका. त्यांना कलेक्टर कचेरीतल्या जनसुनवाईला, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकतात तिथे, जायला सांगा. ती मंगळवारी असते. मंगळवारी तुम्ही सुट्टी देऊ नका, झालं.

प्लेटा उचलणारी ती बाई आमच्याच घरी काम करते. तिची मुलगी सातवीत आहे. दोघी आठच्या बसने येतात. आई आत भांड्यांना लागते आणि मुलगी बाहेर आमच्या पायऱ्यांवर वही उघडून बसते. मागच्या आठवड्यात कोन दुभागत होती. कंपासात पेन्सिलीचा इतका लहान तुकडा होता, की तो घसरू नये म्हणून केसांचं रबर गुंडाळलेलं. कंस चुकला की थुंकी लावून पुसायची, कागदाला भोक पडायच्या बेतात यायचं, मग पुन्हा. दहा वीसला उठायची, साडेदहाला शाळा. दुपारी तिथेच जेवण, सरकारी हिशोबाने दीडशे ग्रॅम धान्याचं. साडेचारला शाळा सुटते, तोवर आईचं चौथं घर आटोपलेलं असतं, आणि पावणेपाचची बस दोघींना घेऊन जाते. हे वेळापत्रक कुठल्याही तज्ज्ञाने बसवलेलं नव्हतं, त्यामुळे ते मोडताना कुणाच्या परवानगीची गरज पडली नाही.

ठराव झाल्यावर दुसऱ्या दिवशी ती बायकोला म्हणाली, “भाभी, उधर तो दो बस लगेगी, अकेली कैसे भेजूँ. मेरे साथ ही आ जाया करेगी अब. बर्तन अच्छे माँजती है.”

असं कुणी तुम्हाला विचारलं, तर गडबडून जाऊ नका. दोघी असल्या की काम लवकर आटपतं. पैसे मात्र पहिल्याच दिवशी ठरवून घ्या, नंतर वाद होतात. वय विचारू नका. आणि पायऱ्यांवर वही राहिली असेल, तर आत घेऊन ठेवा, संध्याकाळी पाऊस येतो हल्ली.